खिडकी आधी, लेन्स नंतर

कॅमेऱ्यांवरच्या भागात आम्ही तासभर बोललो, तरी एक प्रश्न राहूनच गेला. घरात पडून असलेला जुना रेंजफाइंडर कॅमेरा दुरुस्त करून घेतलाय, त्यावर पन्नासची लेन्स आहे, आता एक वाइड घ्यायची आहे. मग ३५ घ्यावी, २८ घ्यावी की २१? रेकॉर्डिंगच्या वेळी मी "ते ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे" असं म्हणून मोकळी झाले. उत्तर चूक नव्हतं, पण आळशी होतं. आवड वगैरे नंतर येते. तुमच्या कॅमेऱ्यावर कुठली वाइड लेन्स चालेल, कुठली नुसती बसेल आणि कुठली बसणारही नाही, यातलं बरंचसं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय. कधी वेट्झलारमध्ये, कधी ड्रेस्डेनमध्ये, कधी कीवमध्ये. तो इतिहास कळला की निवड सोपी होते. म्हणून हा लेख.

शिवाय हा प्रश्न मला स्वतःला वेळेवर पडला नव्हता, त्याचंही थोडं सांगायचं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या आजीच्या घरात ते स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या वरच्या कप्प्यापर्यंत चढलं. डिसेंबरमध्ये मी इंग्लंडहून सुट्टीवर गेले तेव्हा भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ तशीच होती, आणि घर पाडायचं हे मोठ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. माझ्याकडे आजोबांचा कीव-४ए कॅमेरा होता. आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. साठच्या दशकात त्यांना प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात पाठवलं होतं, तिथून त्यांनी तो आणला. मला एकच फोटो हवा होता. ओट्यापाशी आजी, तिच्यामागे फडताळ, वर ती रेघ आणि बाजूला परसात उघडणारं दार. सगळं एकाच चौकटीत.

बसेना. मी मागे सरकत गेले आणि पाठ भिंतीला लागली. आजी म्हणाली, "अगं, किती मागं सरकतीस? भिंतीत शिरशील आता." शेवटी तुकड्यातुकड्यांनी फोटो काढले. एकात आजी आहे, दुसऱ्यात रेघ, तिसऱ्यात दार. पुढे कोविड आला, माझं जाणं लांबलं, आणि मी परत जाईपर्यंत घर पाडून झालं होतं. ते तीन फोटो चांगले आहेत. फक्त ते त्या खोलीचे नाहीत.

पन्नास कुठून आले

आधी हे पाहू की जवळजवळ प्रत्येक जुन्या रेंजफाइंडरवर पन्नासचीच लेन्स का असते.

जर्मनीतल्या वेट्झलार गावात लाइट्झ ही कंपनी सूक्ष्मदर्शक बनवायची. ऑस्कर बारनाक १९११ मध्ये तिथे कामाला लागले. सिनेमासाठी वापरतात ती ३५ मि.मी. रुंदीची फिल्म त्यांनी साध्या फोटोसाठी वापरायचं ठरवलं. सिनेमाची चौकट १८ × २४ मि.मी. असायची. बारनाकांनी फिल्म कॅमेऱ्यात आडवी चालवली आणि दोन चौकटींची एक केली, २४ × ३६. आज डिजिटल कॅमेऱ्यात ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात ती हीच. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनवलेल्या त्या नमुना-कॅमेऱ्याने बारनाकांनी १९२० मध्ये वेट्झलारच्या पुराचे फोटो काढले. रस्त्यांत पाणी आणि पाण्यातून जाणारी माणसं. ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कोणतं गाव आठवलं असेल हे सांगायला नको.

१९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. त्याची लेन्स माक्स बेरेक यांनी तयार केली होती, फोकल लेंग्थ (शाळेच्या पुस्तकातलं नाभीय अंतर) ५० मि.मी. आता २४ × ३६ च्या आयताचा कर्ण मोजला तर तो साधारण ४३ मि.मी. भरतो. कर्णाएवढी फोकल लेंग्थ म्हणजे 'नॉर्मल' लेन्स असं मानायची पद्धत आहे. त्या हिशेबाने पन्नास ही नॉर्मलपेक्षा किंचित लांबची, म्हणजे थोडं कमीच दाखवणारी लेन्स. रस्त्यावर, मैदानात, नदीकाठी याने काही बिघडत नाही, कारण तिथे तुम्ही दोन पावलं मागे जाऊ शकता. दहा फुटांच्या स्वयंपाकघरात ती दोन पावलंच नसतात.

पहिल्या लायकाची लेन्स काढता येत नव्हती. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका आला आणि त्याच्यासोबत ३५ मि.मी.ची एल्मार लेन्स आली. पन्नासची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४७ अंशांचा कोन पाहते, पस्तीसची ६३ अंशांचा. पुढे १९३५ मध्ये लाइट्झने २८ ची हेक्टर काढली, ७५ अंशांची. पण तिचं सर्वांत मोठं छिद्र एफ/६.३ होतं, म्हणजे ती उन्हातच वापरायची लेन्स.

लेन्स बदलते, खिडकी नाही

इथे रेंजफाइंडरची एक गोष्ट नीट समजून घ्या. पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

१९३२ मध्ये दोन कॅमेरे आले, लाइट्झचा लायका-२ आणि ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स. दोघांतही लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर होता. कॅमेऱ्याच्या अंगावर एकमेकांपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा एकावर एक दिसतात, लेन्स फिरवली की त्यातली एक सरकते, आणि दोन्ही बरोबर जुळल्या की फोकस झाला. युक्ती छान आहे. पण याचा अर्थ असा की तुम्ही लेन्समधून पाहतच नाही. तुम्ही शेजारच्या खिडकीतून पाहता. लेन्स बदलली तरी खिडकी तीच राहते.

डिजिटल कॅमेरा किंवा एसएलआर वापरणाऱ्याला हे विचित्र वाटतं. त्यात २१ ची लेन्स लावली की डोळ्याला २१ चंच दिसतं. रेंजफाइंडरवर २१ ची लेन्स लावा, खिडकीत आधी दिसत होतं तेच दिसेल. लेन्स काय पाहतेय ते कळायला कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत वेगळा छोटा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. मग एका खिडकीतून फोकस करायचं आणि दुसरीतून चौकट ठरवायची. वरचा फाइंडर लेन्सपेक्षा उंचावर असल्यामुळे जवळच्या माणसाचं डोकं थोडं कापलं जाण्याची भीतीही असते.

आजोबांच्या कीवमध्ये खिडकी आहे फक्त पन्नासची. तिच्यात चौकटीच्या रेषासुद्धा नाहीत. जितकं दिसतं तितकं साधारण पन्नासचं. त्यामुळे "कीवसाठी वाइड घेऊ" याचा खरा अर्थ "वाइड लेन्स आणि एक फाइंडर घेऊ" असा होतो. हे मला उशिरा कळलं.

मागची काच

कीववर काय बसतं हे समजायचं तर कॉन्टॅक्सची गोष्ट सांगायला हवी.

झाइससाठी लुडविग बेर्टेले नावाचे एक विलक्षण लेन्सकार काम करत होते. तिशीच्या दशकात त्यांनी कॉन्टॅक्ससाठी ३५ मि.मी. एफ/२.८ ची बायोगॉन लेन्स बनवली. तिची गंमत तिच्या पाठीमागे आहे. शेवटची काच इतकी मागे जाते की ती फिल्मच्या अगदी जवळ पोचते. रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये शटरच्या पडद्याशिवाय काही नसतं, म्हणून हे शक्य झालं. मागच्या जागेची ही मोकळीक हाच वाइड लेन्ससाठी रेंजफाइंडरचा सगळ्यात मोठा फायदा.

मग युद्ध आलं. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले. युद्ध संपल्यावर कॉन्टॅक्स बनवायची सामग्री नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघाकडे गेली आणि कीव शहरातल्या आर्सेनल कारखान्यात तोच कॅमेरा 'कीव' या नावाने बनू लागला. बायोगॉनची झाली युपितेर-१२. आजोबांनी विकत घेतलेला 'रशियन कॅमेरा' असा मुळात ड्रेस्डेनचा होता, आणि बनला होता युक्रेनमध्ये. आमच्या घरात मात्र त्याला कायम 'रशियाचा कॅमेरा' म्हटलं गेलं. त्यातली चूक मला पीएचडी करताना कळली आणि २०२२ नंतर टोचायला लागली.

तिकडे पश्चिम जर्मनीत झाइस इकॉनने १९५० मध्ये नवा, आटोपशीर कॉन्टॅक्स-२ए काढला. त्याची आतली बांधणी वेगळी होती आणि युद्धापूर्वीची ३५ ची बायोगॉन त्यावर बसत नव्हती. नवी लेन्स काढावी लागली. म्हणजे जुन्या कंपनीची जुनी लेन्स नव्या जर्मन कॅमेऱ्यावर बसेना, पण तिची सोव्हिएत नक्कल सोव्हिएत कॅमेऱ्यावर मजेत बसत होती. यातून एक साधा नियम घ्या. माउंट जुळला म्हणजे लेन्स बसली असं नाही. मागची काच आत कुठे जाते तेही पाहायचं.

नकाशांसाठी बनलेली नजर

यापुढची झेप, म्हणजे २१ मि.मी., फोटोग्राफरांच्या हट्टातून आली नाही. तिची मुळं विमानातून नकाशे काढणाऱ्यांच्या गरजेत आहेत.

लेन्स जितकी वाइड, तितका कोपऱ्यांत अंधार. याला भौतिकशास्त्रात एक नियम आहे. मध्यापासून किरण जितका तिरपा, त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने प्रकाश कमी होतो. ४५ अंशांवर हिशेब केला तर कोपऱ्यात मध्याच्या फक्त पाव प्रकाश उरतो. हवाई नकाशांत कोपरे काळे पडून चालत नाही, आणि सरळ रेषा वाकूनही चालत नाही. लेनिनग्राडचे मिखाईल रुसिनोव्ह यांनी यावर मार्ग काढला. छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारखी मांडलेली भिंगं, आणि टोकांना मोठी, बाहेर फुगीर काच. या रचनेत कोपऱ्यातला अंधार नियमाने सांगितल्यापेक्षा कमी होतो. त्यांच्या रुसार लेन्स सोव्हिएत हवाई नकाशांसाठी वापरल्या गेल्या. नंतर त्याच कुळातली २० मि.मी.ची रुसार साध्या रेंजफाइंडरसाठीही निघाली.

बेर्टेलेही युद्धानंतर स्वित्झर्लंडमधल्या वाइल्ड या कंपनीसाठी हवाई लेन्सवरच काम करत होते. त्याच विचारातून १९५४ ची २१ मि.मी. एफ/४.५ बायोगॉन आली, ९० अंशांहून थोडा जास्त कोन पाहणारी. १९५८ मध्ये लायकासाठी श्नायडर कंपनीच्या रचनेची २१ ची सुपर-अँग्युलॉन आली. पुढे कुणी तुम्हाला २१ च्या लेन्सने काढलेला जुना फोटो दाखवला आणि त्यात इमारतीच्या रेषा काटकोनात उभ्या दिसल्या, तर हे लक्षात असू द्या. ती लेन्स जमीन मोजणाऱ्यांच्या घराण्यातली आहे.

मग रेंजफाइंडर मागे का पडले? आरशामुळे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा वर-खाली होतो, म्हणून तुम्हाला लेन्समधून दिसतं. त्या आरशाला जागा लागते. लायकाच्या एम माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मि.मी. आहे, निकॉन एफचं ४६.५. या वाढीव जागेमुळे लेन्सची मागची काच फिल्मजवळ जाऊ शकत नाही. १९५० मध्ये फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने ३५ मि.मी.ची 'रेट्रोफोकस' लेन्स काढून तोडगा दिला, पण अशा रचनेच्या लेन्स मोठ्या आणि जड असत. १९५९ मध्ये निकॉन एफ आला तेव्हा त्याच्या पहिल्या २१ च्या लेन्ससाठी आरसा वर अडकवून ठेवावा लागे आणि माथ्यावर वेगळा फाइंडर लावावा लागे. थोडक्यात, त्या एका लेन्सपुरता एसएलआरचा रेंजफाइंडर करावा लागे! साठच्या दशकात वृत्तपत्रांचे कितीतरी फोटोग्राफर खांद्याला दोन कॅमेरे अडकवून फिरायचे, लांबच्यासाठी एसएलआर आणि वाइडसाठी लायका. त्यामागचं कारण हे आहे.

कुणाच्या खिडकीत कोणती चौकट

आता लायकाच्या एम कॅमेऱ्यांकडे येऊ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात शेवटी तेच असतात, नाहीतर त्याच माउंटचे जपानी कॅमेरे.

१९५४ च्या एम-३ ने खिडकीची अडचण अर्धी सोडवली. लेन्स लावली की तिची चौकट पांढऱ्या रेषांनी खिडकीत आपोआप उजळायची. पण चौकटी होत्या ५०, ९० आणि १३५ च्या. खिडकीतलं दृश्य जवळजवळ खऱ्या आकाराचं, ०.९१ पट होतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता यायचं. पण इतक्या मोठ्या दृश्यात ३५ ची चौकट मावत नव्हती. लाइट्झने काय केलं? एम-३ साठीच्या ३५ च्या लेन्सला चक्क चष्मा लावला. लेन्सच्या वर दोन भिंगं, जी खिडक्यांसमोर येतात आणि पन्नासच्या चौकटीत पस्तीसचं दृश्य बसवतात. आजही अशा लेन्स जुन्या बाजारात दिसतात. एखादी ३५ स्वस्तात मिळतेय असं वाटलं आणि तिला चष्मा असेल, तर ती एम-३ साठी बनवलेली आहे हे ओळखा.

वाइड वापरणाऱ्यांसाठी खरा बदल एम-२ ने केला, १९५७-५८ मध्ये. दृश्य ०.७२ पट केलं आणि चौकटी दिल्या ३५, ५० आणि ९० च्या. ३५ पहिल्यांदा घरात आली. २८ ला ऐंशीच्या दशकाच्या तोंडापर्यंत थांबावं लागलं, एम-४पी येईपर्यंत. गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ च्या लेन्सने गर्दीचे फोटो काढत होते तेव्हा त्यांच्या एम-४ मध्ये २८ ची चौकट नव्हतीच.

२१ ला खिडकीत जागा मिळाली ती जपानमध्ये. कोसिना कंपनीने १९९९ मध्ये फोक्टलेंडर हे जुनं नाव घेऊन बेसा-एल नावाचा कॅमेरा काढला. त्यात ना रेंजफाइंडर होता, ना खिडकी. त्यासोबत १५ आणि २५ मि.मी.च्या लेन्स. अंतर अंदाजाने लावायचं, वरच्या फाइंडरमधून पाहायचं, झालं. वेडेपणा वाटतो, पण पुढच्या परिच्छेदातला हिशेब पाहिलात की त्यातलं शहाणपण कळेल. २००६ मध्ये त्याच कंपनीच्या बेसा आर-४ मध्ये २१ पासूनच्या चौकटी खिडकीतच आल्या. नवी वाइड लेन्स परवडणाऱ्या किमतीत हवी असेल तर गेली पंचवीस वर्षं बरेच लोक याच कंपनीकडे पाहतात.

आता कॅमेरा हातात घ्या

खरेदीच्या आधी चार गोष्टी करून पाहा, याच क्रमाने.

पहिली, खिडकीतून पाहा. कोणत्या चौकटी आहेत ते मोजा. चष्मा लावत असाल तर चष्मा लावूनच पाहा. ०.७२ च्या खिडकीत २८ ची चौकट अगदी कडेला असते, आणि चष्मेवाल्यांना तिच्या चारही बाजू एकदम दिसत नाहीत. जी चौकट तुम्हाला दिसत नाही, त्या लेन्सला फाइंडर लागेल. तो खर्च आणि ती सवय दोन्ही हिशेबात धरा.

दुसरी, लेन्सची मागची बाजू पाहा. ३९ मि.मी. आट्याची लेन्स पातळ अडॅप्टर लावून एम कॅमेऱ्यावर बसते, पण एमची लेन्स आट्याच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. युपितेर-१२ दोन माउंटमध्ये मिळते, एक कीवसाठी आणि एक फेड-झोर्कीसाठी. विकणारा "रशियन माउंट" म्हणाला तर फोटो मागून घ्या. मागे लांब येणारी काच असेल तर ती पहिल्यांदा बसवताना जोर लावू नका. आणि कॅमेऱ्यात प्रकाशमापक असेल तर तो चालेल का हेही विचारा. जुन्या सुपर-अँग्युलॉनची मागची काच एम-६ च्या मापकाच्या आड येते आणि आकडा चुकतो.

तिसरी, खोली मोजा. यासाठी एक सोपं गणित आहे. फिल्मची चौकट ३६ मि.मी. रुंद आहे आणि लेन्स ३५ ची. म्हणजे पस्तीसच्या लेन्सला जितकं अंतर, जवळजवळ तितकीच रुंदी दिसते. तुम्ही तीन मीटरवर उभे असाल तर तीन मीटर रुंदीची भिंत येणार. त्याच जागेवरून पन्नासला दिसतात २.१६ मीटर, अठ्ठावीसला साधारण ३.९ आणि एकवीसला पाच मीटरहून थोडं जास्त. आजीच्या स्वयंपाकघरात मला तीन मीटरवरून सुमारे पावणेतीन मीटर हवे होते. पन्नासला दोन फूट कमी पडत होते. पस्तीसला बसलं असतं. मी त्या वेळी लेन्स, फिल्म, प्रकाश सगळ्याचा विचार केला होता, फक्त हा भागाकार केला नव्हता.

चौथी, प्रकाश पाहा. वाइड लेन्सने फोकसची काळजी बरीच कमी होते. एफ/८ ला २८ ची लेन्स सव्वातीन मीटरवर ठेवली की साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. २१ ला तर एक मीटरच्या आतूनच सुरुवात होते. कोसिनाच्या बिनखिडकीच्या कॅमेऱ्याचं शहाणपण हेच. पण एफ/८ ला ऊन लागतं. घरातल्या संध्याकाळी एफ/२.८ किंवा त्याहून मोठं छिद्र लागेल, आणि तिथे जुन्या २८ आणि २० च्या लेन्स हात टेकतात. कीवसाठी २८ ची ओरियन-१५ आहे, चेहरे-रेषा सगळं छान काढते, पण तिची सुरुवातच एफ/६ पासून होते. दिव्याच्या उजेडात ती काय कामाची?

या चौघांतून गेल्यावर मग आवड. २१ ने खोली मोठी वाटते आणि माणसं लहान होतात. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ताणल्यासारखा येतो. तो लेन्सचा दोष नाही, इतका मोठा कोन सपाट कागदावर पसरायची ती किंमत आहे. कॅमेरा जरा खाली-वर कलला तर भिंती आत किंवा बाहेर झुकतात. २८ चा फोटो चांगला यायचा तर माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ जायला ओळख लागते. ३५ मध्ये माणूस आणि त्याची जागा दोघंही राहतात. म्हणून पहिली वाइड म्हणून मी ३५ सांगते. तुमच्या खिडकीत २८ ची चौकट असेल, चष्मा नसेल आणि तुम्ही लोकांत सहज मिसळत असाल, तर २८ घ्या. २१ ही पहिली वाइड म्हणून घेऊ नका. ती घ्यायची वेळ आली की तुमची तुम्हालाच कळेल.

आणखी एक गोष्ट, जी या साइटवर येणाऱ्यांना जास्त लागू आहे. आपण घरी जातो ते दोन वर्षांतून एकदा, पंधरा-वीस दिवसांसाठी, आणि तेवढ्यात लग्नं, दवाखाने, बँकेची कामं. मधल्या काळात वाडे पाडले जातात, बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला जातात, माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवली जातात. तिथे राहणाऱ्याला उद्या येऊन पुन्हा फोटो काढता येतो. आपल्याला येत नाही. म्हणून लेन्सचा निर्णय विमानात बसायच्या आधी झालेला बरा. फोन करून कुणाला तरी खोली मोजायला सांगा. हसतील, पण मोजतील.

मी शेवटी कीव माउंटची युपितेर-१२ घेतली, आणि तिच्यासोबत एक सोव्हिएत फिरता फाइंडर, ज्यात पाच फोकल लेंग्थची पाच भिंगं गोल चकतीवर बसवलेली असतात. आजी आता काकांच्या फ्लॅटमध्ये असते. तिथलं स्वयंपाकघर जुन्यापेक्षाही लहान आहे. गेल्या वेळी मी दारात उभी राहिले, फाइंडर ३५ वर फिरवला, अंतर अडीच मीटर लावलं. आजी, शेगडी, खिडकी आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, सगळं बसलं. आजीने विचारलं, "या वेळेला मागं नाही सरकलीस?"

"गरज नाही पडली," म्हटलं.